संगणकाची पाटी आणि तिचा धनी

पाटी ह्या वस्तूशीं आपला परिचय फार जुना आहे. लाकडी चौकटींत बसविलेला काळा दगड, एक पेन्सिल आणि ओलें फडकें, एवढें साहित्य हातीं आलें कीं मुलाच्या विद्याभ्यासास प्रारंभ होत असे. तिच्यावर काय लिहावें आणि काय पुसावें, हें सर्वस्वीं तिच्या धन्याच्या इच्छेवर असे. पाटी विकणाऱ्यानें तिच्यावर आधींच कांहीं लिहून ठेविलें आहे आणि तें पुसण्याची घेणाऱ्यास मनाई आहे, अशी कल्पनाहि कोणाच्या मनांत आली नसती. आज आपल्या घरोघरीं जी नवी पाटी आली आहे, जिला आपण टॅब्लेट म्हणतों, तिची गोष्ट मात्र निराळी आहे. तिच्यावर एक कार्यप्रणाली कारखान्यांतच चढविलेली असते. आणि ती उतरवून आपल्या पसंतीची दुसरी चढवावयाची म्हटलें, तर बहुतेक पाट्यांचा धनी हतबल होतो. मेजावरच्या संगणकावर चालणारी मुक्त प्रणाली ह्या पाटीवर आणण्यासाठीं जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. संगणकाचें यंत्र म्हणजे नुसतें शरीर. पडद्यावर अक्षर उमटविणें, स्मृतींतील जागा वांटून देणें, कळफलकावरील दाब ओळखणें, हीं कामें ज्या मूलभूत आज्ञासमूहाकडून होतात, त्याला कार्यप्रणाली म्हणतात. ह्या आज्ञांचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कोणासहि वाचण्याची, बदलण्याची आणि बदललेला दुसऱ्यास देण्याची मोकळीक असेल, तर ती प्रणाली मुक्तस्रोत होय. ह्या मोकळिकीला चळवळीचें रूप दिलें तें अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं, १९८३ सालीं ग्नू हा प्रकल्प जाहीर करून. आणि त्या चळवळीला जो गाभा हवा होता, तो मिळाला लिनक्सच्या रूपानें. डेबियन, फेडोरा, उबुंटू ह्या ज्या मुक्त प्रणाली आज मेजावरच्या संगणकांवर चालतात, त्या सर्वांच्या पोटीं हाच लिनक्सचा गाभा आहे.

पाटीच्या आकाराचा संगणक ही कल्पना मात्र लिनक्सहून जुनी आहे. कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीनें १९७० सालीं एक संशोधनकेंद्र उघडलें होतें. तेथील ॲलन के ह्यांनीं १९७२ सालीं 'सर्व वयांच्या मुलांसाठीं वैयक्तिक संगणक' अशा अर्थाच्या मथळ्याचा एक निबंध लिहिला. वहीएवढा, मुलाला उचलून कोठेंहि नेतां येईल असा हा कल्पित संगणक; त्याला त्यांनीं डायनाबुक असें नांव दिलें. निबंधाच्या आरंभीं दोन मुलें हिरवळीवर अंतराळयुद्धाचा खेळ खेळत आहेत. खेळतां खेळतां, ह्या खेळांत सूर्याचें आकर्षण आणतां येईल काय, असा विचार त्यांच्या मनांत येतो; आणि तीं खेळाची घडणच बदलावयास निघतात. के ह्यांच्या मनांतील पाटीचें मर्म ह्या प्रसंगांत आहे. ती वाचण्याची वस्तु तर होतीच, पण तिला नवें वळण देण्याचा अधिकारहि मुलाच्याच हातीं होता.

असें यंत्र बांधण्याइतके सुटे भाग त्या काळीं लहान झालेले नव्हते. म्हणून १९७३ सालीं त्याच केंद्रांत आल्टो नांवाचा संगणक तयार झाला. पडद्यावरील खिडक्या आणि माऊस ह्यांच्या साहाय्यानें चालणाऱ्या आजच्या मेजावरच्या संगणकाचा तो पूर्वज. के आणि त्यांचे सहकारी त्याला 'तात्पुरतें डायनाबुक' म्हणत. म्हणजे मेजावरचा संगणक हा मुळांत पाटीची वाट पाहत असतां केलेला मुक्काम होता. पाटीवर मेजावरची प्रणाली चालविण्याचा खटाटोप ज्यांना विचित्र वाटतो, त्यांनीं हा वंशवृक्ष ध्यानांत ठेवावा.

मेजावरच्या संगणकाला पुढें एक भाग्य लाभलें, तें पाटीच्या वांट्यास आलें नाहीं. ऑगस्ट १९८१ मध्यें आय्. बी. एम्. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला. तो बाजारांत सहज मिळणाऱ्या भागांचा बनविलेला होता, आणि त्याच्या रचनेची तांत्रिक माहिती कंपनीनें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली होती. थोड्याच काळांत इतर कारखानदार तशींच यंत्रें बनवूं लागले. त्यांतून एक संकेत रूढ झाला. यंत्र सुरू झालें कीं तें आपल्या अंगचे मुख्य भाग ओळखतें आणि तबकडीवर जी प्रणाली सांपडेल तिच्या हवालीं सर्व कारभार करतें. ती प्रणाली कोणाची, हें तें विचारीत नाहीं. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉर्व्हाल्ड्स ह्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ च्या आरंभीं असाच एक संगणक विकत घेतला आणि त्यावर स्वतः लिहिलेली प्रणाली चालवून पाहिली. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं त्यानें आपला हा छंद जगापुढें मांडला. यंत्रानें त्याची वाट अडविली असती, तर लिनक्स जन्मासच आलें नसतें.

पाटीवर मुक्त प्रणाली आणण्याचा पहिला मोठा व्यापारी प्रयत्नहि फिनलंडांतच झाला. नोकिया कंपनीनें नोव्हेंबर २००५ मध्यें ७७० ह्या क्रमांकाची 'इंटरनेट पाटी' विक्रीस काढली. तिचा पडदा सुमारें चार इंचांचा, आणि दूरध्वनीची सोय तींत नव्हती. तिची प्रणाली मेमो ह्या नांवाची असून ती डेबियनवरून बेतलेली होती. जाणत्या माणसाला तिच्यावर मेजावरच्या लिनक्सचीं कितीतरी साधनें उतरवून घेतां येत. २००७ मध्यें तिच्या दोन सुधारलेल्या आवृत्त्या आल्या. फेब्रुवारी २०१० मध्यें मेमो आणि इंटेल कंपनीची मोब्लिन ह्यांचा संगम होऊन मीगो ही नवी प्रणाली जाहीर झाली. परंतु एका वर्षाच्या आंत, फेब्रुवारी २०११ मध्यें, नोकियानें मायक्रोसॉफ्टशीं हातमिळवणी केली आणि मीगो मागें पडली. प्रणाली मुक्त असली, तरी तिचा आश्रयदाता एकच असेल, तर त्याचें मन बदलतांच ती पोरकी होते, हा धडा तेव्हां मिळाला.

दरम्यान बाजाराचें रूप पालटलें होतें. एप्रिल २०१० मध्यें ॲपल कंपनीचा आयपॅड आला आणि पाठोपाठ गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालणाऱ्या पाट्यांचा पूर आला. येथें एक गमतीची गोष्ट अशी कीं, अँड्रॉइडच्या पोटांतहि लिनक्सचाच गाभा आहे. मग लिनक्स चालविण्यासाठीं वेगळे कष्ट कां पडावे? ह्याचीं कारणें तीन आहेत, आणि आपल्या इतिहासाचा सारा गुंता त्यांतच आहे.

पहिलें कारण यंत्राच्या घडणीचें. बहुतेक पाट्यांत आर्म ह्या घराण्याचे प्रक्रियक असतात. ह्या पाट्यांत कोणता भाग कोठें जोडला आहे, हें प्रणालीनें आपण होऊन ओळखावें अशी सोय नसते. प्रत्येक पाटीचा नकाशा प्रणालीला आगाऊ द्यावा लागतो. घराचा नकाशा न देतां अंधारांत एकाद्याला सोडावें, तशी त्या प्रणालीची अवस्था होते. हे नकाशे गाभ्यांत वाटेल तसे घुसडले जाऊं लागले, तेव्हां मार्च २०११ मध्यें टॉर्व्हाल्ड्स ह्यांनीं जाहीर नापसंती दर्शविली. त्यानंतर 'डिव्हाइस ट्री' ह्या नांवाची, नकाशा गाभ्याबाहेर एका ठराविक भाषेंत लिहिण्याची पद्धति आर्म यंत्रांसाठीं रूढ झाली. दुसरें कारण ड्रायव्हरांचें. पडदा, कॅमेरा, बिनतारी संपर्क ह्यांना चालविणाऱ्या आज्ञासमूहांपैकीं कित्येकांचा मूळ मजकूर कारखानदार गुप्त ठेवतात. तिसरें कारण कुलुपाचें. पाटी सुरू होतांच प्रणालीवरील सही तपासली जाते, आणि ती कारखानदाराची नसेल तर यंत्र पुढें पाऊल टाकीत नाहीं.

ह्या कुलुपावरून मुक्त प्रणालीच्या पुरस्कर्त्यांतच मतभेद झाला. लिनक्सचा गाभा ज्या परवान्याखालीं दिला जातो, त्या जी. पी. एल्. च्या दुसऱ्या आवृत्तीप्रमाणें गाभा वांटणाऱ्यानें मूळ मजकूरहि दिला पाहिजे. परंतु मजकूर मिळाला आणि तो बदलून यंत्रावर चढवितां आला नाहीं, तर त्या मजकुराचा उपयोग काय? हा विचार करून स्टॉलमन ह्यांच्या संस्थेनें जून २००७ मध्यें परवान्याची तिसरी आवृत्ति काढली आणि घरगुती वापराच्या यंत्रांसाठीं अशा कुलुपास प्रतिबंध केला. टॉर्व्हाल्ड्स ह्यांना हें रुचलें नाहीं. मजकुराच्या बदल्यांत मजकूर मागावा, यंत्र कसें बांधावें हें परवान्यानें सांगूं नये, असें त्यांचें म्हणणें. लिनक्सचा गाभा दुसऱ्या आवृत्तीखालींच राहिला. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पण पाटीच्या धन्यापुरतें पाहिलें, तर ह्या निर्णयानें कुलुपाचा प्रश्न कारखानदाराच्या मर्जीवर राहिला, हें मान्य केलें पाहिजे.

ह्या मर्जीचीं फळें किती भिन्न असूं शकतात, हें २०१२ ह्या एकाच वर्षांतील चार पाट्यांच्या कहाणीवरून दिसून येतें.

पहिली पाटी व्हिवाल्डी. के. डी. ई. ह्या मेजावरच्या मुक्त वातावरणाचे एक प्रमुख कार्यकर्ते ॲरन सायगो ह्यांनीं जानेवारी २०१२ मध्यें ती जाहीर केली. तेव्हां तिचें नांव स्पार्क होतें आणि किंमत २०० युरो ठरविली होती. चीनमध्यें तयार होणारी एक पाटी घ्यावी आणि तिच्यावर मुक्त प्रणाली चढवून विकावी, अशी योजना होती. परंतु त्या पाटीच्या गाभ्याचा मूळ मजकूर कारखानदाराकडून मिळेना. आणि तेवढ्यांत, पूर्वसूचना न देतां, पाटीच्या आंतील भागच बदलले गेले. केलेलें सारें काम वायां गेलें. व्हिवाल्डी ग्राहकांच्या हातीं कधींच पडली नाहीं.

दुसरी पाटी नेक्सस ७. गूगलनें ती असुस कंपनीकडून बनवून घेतली आणि जुलै २०१२ पासून विकली. पडदा सात इंचांचा, स्मृति १ गिगाबाइट, किंमत १९९ डॉलरपासून पुढें. तिचें कुलूप धन्याला अधिकृत रीतीनें उघडतां येत असे, आणि तिच्या गाभ्याचा मूळ मजकूर गूगलनें प्रसिद्ध केला होता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्यें उबुंटूच्या चालक कॅनॉनिकल कंपनीनें मेजावरची उबुंटू जशीच्या तशी ह्या पाटीवर चढविण्याचें साधन दिलें. त्यामागील हेतु मोठा व्यवहारी होता. मेजावर स्मृति आणि वीज ह्यांची उधळपट्टी लक्षांत येत नाहीं. गरीब पाटीवर ती तत्काळ उघडी पडते. म्हणून प्रणालीचें वजन कोठें वाढलें आहे, हें शोधण्यासाठीं ही कसोटी. चित्रांकनाचा ड्रायव्हर मात्र येथेंहि गुप्तच होता. आणि बोटांची अडचण होतीच. माऊसच्या सुईएवढ्या टोकासाठीं आंखलेलीं बटणें बोटाच्या पेराखालीं पार झांकून जात.

तिसरी पाटी मायक्रोसॉफ्टची सरफेस आर्. टी.; तीहि ऑक्टोबर २०१२ मधलीच. तिचें कुलूप धन्यास उघडतां येऊं नये, अशीच तजवीज होती. कांहीं हिकमती लोकांनीं पुढें तिच्यांतील दोष हुडकून तेथेंहि लिनक्स चालविलें. पण तें दार उघडणें नव्हे, भिंत फोडणें होय. विंडोज आर्. टी. ही तिची प्रणाली बाजारांत टिकली नाहीं, आणि जानेवारी २०२३ मध्यें कंपनीनें तिचा आधार पूर्णपणें काढून घेतला.

चौथी पाटी आपल्या देशाची, आकाश. भारत सरकारनें विद्यार्थ्यांसाठीं काढलेल्या ह्या स्वस्त पाटीची पहिली आवृत्ति ऑक्टोबर २०११ मध्यें निघाली होती. ती फारच मंद ठरली. दुसऱ्या आवृत्तीचें काम मुंबईस, पवईच्या आय्. आय्. टी. कडे आलें, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं राष्ट्रपति प्रणव मुखर्जी ह्यांच्या हस्तें तिचें प्रकाशन झालें. सरकारला ती २,२६३ रुपयांस पडत असे आणि विद्यार्थ्यास १,१३० रुपयांत द्यावयाची होती. कारखान्यांतून ती अँड्रॉइड घेऊनच येई. परंतु अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानें पाटीवर नुसतीं व्याख्यानें पाहूं नयेत, आज्ञावली लिहून चालवावी, अशी पवईच्या मंडळींची इच्छा होती. त्यांनीं सी, पायथन, सायलॅब ह्यांची प्रयोगशाळा त्या पाटीवर आणली आणि पुढें ग्नू-लिनक्सहि तिच्यावर उतरविलें. तिच्यांतील ऑलविनर प्रक्रियकाची एक खोड ह्या कामीं वरदान ठरली. तो सुरू होतांच आधीं बाहेरून घातलेल्या स्मृतिपत्रिकेकडे पाहतो आणि तींत प्रणाली असल्यास तीच चालवितो. नखाएवढी पत्रिका घातली कीं लिनक्स, काढली कीं पुन्हां अँड्रॉइड! अवघ्या ५१२ मेगाबाइट स्मृतीच्या पाटीवर मेजावरची प्रणाली धांवत नसे, चालत असे. पण शिकणाऱ्याला तेवढी चाल पुरे असते.

ह्यानंतर कॅनॉनिकलनें प्रश्नाची दुसरी बाजू हातीं घेतली. बोट आणि माऊस ह्यांचा तंटा मिटवावयाचा, तर प्रणालीनेंच प्रसंग ओळखून रूप बदलावें. २०१६ मध्यें स्पेनमधील बी. क्यू. कंपनीची दहा इंची अक्वारिस एम् १० ही पाटी उबुंटूसह विक्रीस आली. नुसती हातीं धरली कीं पाटी. बिनतारी माऊस जोडला कीं तिच्यावर मेजावरच्यासारख्या खिडक्या उघडत. कल्पना सुरेख होती. पण यंत्र मंद, उपयोगी साधनें थोडीं आणि ग्राहक त्याहून थोडे. ५ एप्रिल २०१७ रोजीं कॅनॉनिकलचे संस्थापक मार्क शटलवर्थ ह्यांनीं हा प्रयत्न सोडून दिल्याचें जाहीर केलें. नोकियाच्या वेळीं झालें तेंच पुन्हां झालें असें वाटेल. पण एक फरक होता. यूबीपोर्ट्स ह्या नांवानें एकत्र आलेल्या स्वयंसेवकांनीं तें काम उचललें, आणि तें अद्याप चालू आहे. आश्रयदाता गेला तरी मजकूर उघडा होता. म्हणून पोरकें मूल वाढलें.

पाटीच्या दीर्घायुष्याचा प्रश्नहि ह्याच सुमारास पुढें आला. नेक्सस ७ ला गूगलकडून शेवटची नवी आवृत्ति २०१५ मध्यें मिळाली. कांच शाबूत, विद्युत्घट शाबूत. पण सुरक्षिततेच्या दुरुस्त्या बंद, आणि म्हणून पाटी तीन वर्षांत जुनी ठरली. माणसाच्या हातची वस्तु झिजून निकामी होते, हें आपण समजूं शकतों. पण न झिजतांच निकामी ठरते, ही ह्या युगाची नवलाई आहे. ह्याविरुद्ध २०१७ मध्यें पोस्टमार्केटओएस् नांवाचा प्रकल्प निघाला. हातांतील यंत्राला दहा वर्षें आयुष्य लाभावें, हें त्याचें ध्येय. अशा स्वयंसेवकांच्या खटपटीनें नेक्सस ७ चा नकाशा लिनक्सच्या मुख्य गाभ्यांत, त्याच्या ५.९ ह्या आवृत्तींत, दाखल झाला. ती आवृत्ति ऑक्टोबर २०२० ची. उबुंटू त्या पाटीवर प्रथम चढली त्यास तेव्हां बरोबर आठ वर्षें झालीं होतीं, आणि कारखानदारानें तिला टाकून दिल्यास पांच. मुख्य गाभ्यांत एकदां नांव दाखल झालें कीं, गाभ्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर त्या यंत्रालाहि नवेपणा मिळण्याची वाट मोकळी होते.

ह्या साऱ्यावरून सर्व आलबेल झालें, असें मात्र कोणीं समजूं नये. मुक्त प्रणालीसाठींच बांधलेली पाईनटॅब २ ही पाटी २०२३ मध्यें आली, तेव्हां तिच्या बिनतारी संपर्काच्या भागाला मुख्य गाभ्यांत ड्रायव्हरच नव्हता. पहिल्या ग्राहकांना बाहेरून दुसरा जोड लावून काम भागवावें लागलें. कॅमेरा आणि विजेची काटकसर, ह्या बाबतींत कारखान्यांतील प्रणाली बहुधा सरस असते. कुलुपाचीहि एक बाजू आहे. पाटी चोरीस गेली तर चोराला तिच्यावर भलती प्रणाली चढवितां येऊं नये, हा लाभ लहान नाहीं. पण घराला कुलूप असावें ह्याविषयीं वाद नाहींच. वाद आहे तो किल्ली कोणाच्या कमरेला असावी, ह्याविषयीं. नेक्सस ७ ला कुलूप होतें आणि किल्ली धन्याकडे होती. सरफेस आर्. टी. लाहि कुलूप होतें. किल्ली मात्र कारखानदारानें स्वतःपाशीं ठेविली होती.

श्रोतेहो, आपल्यापैकीं बहुतेक जण आपल्या पाटीवरची प्रणाली कधींच बदलणार नाहींत, आणि त्यांत कांहीं कमीपणा नाहीं. तरीहि हा इतिहास आपल्या कामाचा आहे. पाटी विकत घेतांना आपण पडदा किती इंचांचा, स्मृति किती आणि किंमत काय, हें बारकाईनें विचारतों. त्याबरोबरच आणखी दोन प्रश्न विचारावे: हिला नव्या आवृत्त्या किती वर्षें मिळणार, आणि त्या थांबल्यावर हिच्यावर दुसरी प्रणाली चढविण्याची मला मुभा आहे काय? जुन्या दगडी पाटीला हे प्रश्न विचारावे लागत नसत, कारण त्यांचें उत्तर तिच्याजवळच्या ओल्या फडक्यांत होतें. नव्या पाटीसाठीं तसें फडकें घडविण्याचें काम जगांतील अनेक माणसें, बहुतांशीं विनावेतन, वर्षानुवर्षें करीत आलीं आहेत. घेणाऱ्यांनीं हे प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेविला, तर विकणाऱ्यांनाहि त्यांचें उत्तर तयार ठेवावें लागेल.